अंतराळात कंपनी नेईल, पण अडकलो तर सोडवायला कोण येईल?

प्रति,
बाह्य अवकाशाच्या शांततामय वापरासाठीची संयुक्त राष्ट्रांची समिती,
व्हिएन्ना

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार,

हे पत्र तुम्हाला का लिहितोय, कंपन्यांना का नाही, ते आधी सांगतो. कंपन्या त्यांचं काम करतायत आणि बऱ्याच अंशी चांगलंच करतायत. पण वर अडकलेल्या माणसाला सोडवायला कोणी जायचं, अपघात झाला तर त्याचं खरं कारण कोणी शोधायचं आणि ते कोणाकोणाला सांगायचं, हे ठरवणं कुठल्याही कंपनीचं काम नाही. ते तुमचं काम आहे. तुमची समिती १९५९ पासून त्यासाठीच बसलीय, आणि हे काम अजून अर्धवट आहे.

कोणाचा गैरसमज नको म्हणून आधीच स्पष्ट करतो, मी खासगी कंपन्यांच्या विरोधात नाही. "अब्जाधीशांची हौस" म्हणून जो सूर लागतो तो मला पटत नाही. २००८ पर्यंत एलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-१ रॉकेटची तीन उड्डाणं लागोपाठ फसली होती, चौथं सप्टेंबर २००८ मध्ये कसंबसं कक्षेत पोचलं, आणि डिसेंबरमध्ये नासाने त्यांना स्पेस स्टेशनवर माल पोचवायचं १.६ अब्ज डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी सरकारी पैसा आहे, लोकांचा टॅक्स आहे, हे विसरून चालणार नाही, पण त्या पैशातून जे उभं राहिलं ते कुठल्याही सरकारी खात्याला तोवर जमलं नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ चा पहिला टप्पा उपग्रह सोडून परत येऊन उभा राहिला, मार्च २०१७ मध्ये आधी उडालेला टप्पा पुन्हा उडाला, आणि आता एखादा बूस्टर, म्हणजे हा पहिला टप्पा, ३० पेक्षा जास्त वेळा उडून आलाय. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाल्कन हेवीचे दोन बूस्टर शेजारी शेजारी एकदम उतरले ते मी लाइव्ह बघितलं आणि आजही तो व्हिडिओ समोर आला की अंगावर काटा येतो. जुलै २०११ मध्ये नासाची स्पेस शटल यानं बंद झाल्यावर अमेरिकेला आपली माणसं वर पाठवायला जवळजवळ नऊ वर्षं रशियाच्या सोयूझ यानातल्या सीट विकत घ्याव्या लागत होत्या, ते मे २०२० मध्ये थांबलं ते एका खासगी कंपनीच्या कॅप्सूलमुळे.

आणि हे फक्त श्रीमंतांचंही राहिलेलं नाही. जून २०२५ मध्ये अ‍ॅक्सिअम-४ मधून शुभांशु शुक्ला गेले, त्यांच्याबरोबर पोलंडचा आणि हंगेरीचा अंतराळवीर होता, तिन्ही देशांकडे माणूस वर पाठवायला स्वतःचं यान तयार नव्हतं, तरी त्यांची माणसं एका खासगी मिशनमधून स्पेस स्टेशनवर पोचली. लहान देशांसाठी हा दरवाजा कंपन्यांनी उघडलाय. म्हणून मला हे सगळं वाढायला हवंय. आणि वाढायला हवंय म्हणूनच हे पत्र.

आता मुद्द्यावर येतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स बोइंगच्या स्टारलायनरमधून स्पेस स्टेशनवर गेले. आठवड्याभराची फेरी होती. वाटेत हेलियम गळायला लागला, स्टेशनजवळ पोचताना यानाचे पाच थ्रस्टर (दिशा आणि वेग सांभाळणारी छोटी इंजिनं) बंद पडले, त्यातले चार पुन्हा सुरू झाले, पण परतीला भरवसा राहिला नाही. शेवटी सप्टेंबरमध्ये स्टारलायनर रिकामंच खाली आणलं आणि हे दोघं मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या, म्हणजे स्पेसएक्सच्या, ड्रॅगन यानातून परतले, वर एकूण २८६ दिवस राहून. ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र फारशी चर्चेत आली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यात महत्त्वाची होती.

स्टारलायनरचे सूट ड्रॅगनमध्ये चालत नाहीत. दोन कंपन्या, दोन वेगळे सूट, जोडण्या वेगळ्या, सगळंच वेगळं. नासाने २०१४ मध्ये मुद्दाम दोन कंपन्या निवडल्या होत्या, एक अडली तर दुसरी असावी म्हणून, आणि तो विचार अगदी बरोबर होता, त्यानेच या दोघांना घरी आणलं. पण एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या यानात बसवायची वेळ आली तर त्याच्या अंगावर काय असेल, याचा पक्का बंदोबस्त नव्हता. स्टारलायनर गेल्यापासून पुढचं ड्रॅगन येईपर्यंत जे तीनएक आठवडे गेले त्या काळात स्टेशनवर आणीबाणी आली असती तर या दोघांना आधीपासून तिथे असलेल्या ड्रॅगनमध्ये, सामान ठेवायच्या जागेत, फोमचा आधार देऊन आडवं झोपवून, सूटशिवाय खाली आणायचं ठरलं होतं. सूटशिवाय! जून १९७१ मध्ये सोयूझ-११ परत येत असताना एक व्हॉल्व्ह वेळेआधी उघडला, केबिनमधली हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव तिघंही जागच्या जागी गेले, कारण त्यांच्या अंगावर प्रेशर सूट नव्हते. त्यानंतर सोव्हिएत संघाने सूट सक्तीचे केले. पन्नास वर्षांपूर्वी तीन जीव देऊन शिकलेली गोष्ट, आणि २०२४ मध्ये आपण तीच गोष्ट काही आठवडे बाजूला ठेवायला तयार झालो, कारण दोन कंपन्यांच्या नळ्या एकमेकांत बसत नव्हत्या.

मी यात कोणा एकाला दोष देत नाहीये. नासाने हातात होतं त्यातून मार्ग काढला, आणि दोन्ही कंपन्यांनी जे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलं होतं तेच बनवलं. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये ते लिहिलेलं नव्हतं आणि जगाच्या कुठल्या नियमातही लिहिलेलं नव्हतं, प्रश्न तिथेच आहे.

दुसरी घटना जून २०२५ ची. एलॉन मस्क आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष यांच्यात सोशल मीडियावर जाहीर भांडण जुंपलं आणि त्या भरात मस्क यांनी लिहून टाकलं की ड्रॅगन बंद करायला घेतो. काही तासांत ते मागेही घेतलं. पण ते काही तास जरा डोळ्यांसमोर आणा. त्या वेळी वर माणसं होती, त्यांच्यातल्या काहींची परतीची गाडी तीच होती, आणि अमेरिकेकडे माणसं नेणारं दुसरं भरवशाचं यान नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट असतं, कोर्ट असतं, एका माणसाच्या पोस्टने एवढं काही होत नाही, असं मला लोक सांगतात. नसेलही होत. पण वरच्या माणसांचं खाली येणं हे कोणाच्या रागालोभावर आहे अशी शंकासुद्धा यायला नको, आणि ती आली, साऱ्या जगाला आली.

आता तुमच्या कायद्यांकडे येतो. १९६७ चा अवकाश करार मी वाचलाय, भाषा साधी आहे, कोणीही वाचू शकतो. त्यातलं सहावं कलम आज सगळ्यात कामाचं आहे. त्या काळी सोव्हिएत संघाचं म्हणणं होतं की अंतराळात फक्त सरकारांनीच काम करावं, अमेरिकेला खासगी उद्योगासाठी वाट मोकळी हवी होती, आणि तोडगा असा निघाला की खासगी संस्था जाऊ शकतात पण त्यांच्या देशाने त्यांना परवानगी द्यायची, त्यांच्यावर सतत देखरेख ठेवायची आणि त्यांच्या कृत्यांची जबाबदारी घ्यायची. हे लिहिणाऱ्यांना दूरदृष्टी होती, मानलं पाहिजे. पाचव्या कलमात अंतराळवीर म्हणजे साऱ्या मानवजातीचे दूत आणि त्यांना शक्य ती सगळी मदत करायची असं आहे. १९६८ मध्ये बचावाचा वेगळा करारही झाला. पण तो करार वाचला की लक्षात येतं की त्याची नजर जमिनीवर आणि समुद्रावर आहे. यान चुकून दुसऱ्या देशात उतरलं, समुद्रात पडलं, तर शोधा, मदत करा, माणसं सुखरूप परत द्या. १९६८ मध्ये त्यापलीकडे कोणी काय लिहिणार होतं! वर, कक्षेत, एका कंपनीचं यान बिघडलं आणि दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीचं यान रॉकेटवर तयार उभं आहे, तर त्यांनी जायचं की नाही, खर्च कोणी द्यायचा, त्या गडबडीत आणखी नुकसान झालं तर ते कोणाच्या माथी, याबद्दल त्यात काही नाही. आणि तिकीट काढून गेलेल्या प्रवाशाला हा करार लागू होतो का, यावर कायद्याचे अभ्यासकसुद्धा एकमताने बोलत नाहीत.

लोकांना वाटतं की एकदा अंतराळात गेलं की सगळे एकमेकांच्या जवळच असतात, काही झालं तर स्पेस स्टेशनवर जाऊन थांबतील. तसं नसतं. ३१ मार्च २०२५ ला फ्रॅम-२ नावाचं खासगी मिशन गेलं, चार माणसं, आणि इतिहासात पहिल्यांदा माणसं थेट दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरली. त्यांची कक्षा विषुववृत्ताशी ९० अंशांत आणि स्पेस स्टेशनची साधारण ५१.६ अंशांत. आता कक्षेचा कोन बदलायचा म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर असलेल्या वेगाची दिशाच वळवायची, आणि एवढा फरक असला तर नुसतं वळायला सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास वेग खर्ची घालावा लागतो. असल्या कॅप्सूलमध्ये जेवढं इंधन असतं ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे ती चार माणसं स्टेशनपासून काहीशे किलोमीटरवरून जरी गेली असती तरी स्टेशन त्यांच्यासाठी नसल्यासारखंच होतं. सप्टेंबर २०२४ च्या पोलारिस डॉनचंही तसंच, ते १,४०० किलोमीटर उंचीपर्यंत गेले, नंतर खाली येऊन यानाचं दार उघडून पहिला खासगी स्पेसवॉक केला, आणि यानाला एअरलॉक (आतली हवा न सोडता बाहेर पडायची मधली खोली) नसल्यामुळे दोघं एकेक करून बाहेर निघाले तेव्हा आतले दोघंही निर्वात पोकळीतच होते. धाडसाची गोष्ट आहे, मला त्या चौघांबद्दल आदर आहे. पण असल्या उड्डाणात मदत यायची ती जमिनीवरूनच यायला हवी, त्यासाठी कुठेतरी एक रॉकेट आणि एक रिकामं यान तयार ठेवलेलं असायला हवं.

आणि असं तयार ठेवता येतं, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनने दाखवलं. शेनझोऊ-२० परत यायच्या बेतात होतं, तेवढ्यात त्याच्या खिडकीत बारीक तडे दिसले, बहुधा अंतराळातल्या कचऱ्याचा एखादा कण लागला होता. मग ते तिघं नुकत्याच आलेल्या शेनझोऊ-२१ मधून उतरले. पण त्यामुळे मागे राहिलेल्या तिघांकडे काही दिवस भरवशाचं परतीचं यानच उरलं नाही. चीनमध्ये पुढचं यान आणि रॉकेट राखीव तयार ठेवायची पद्धत आहे, म्हणून शेनझोऊ-२२ घाईने रिकामं वर पाठवता आलं. हे सरकारी कार्यक्रमात झालं, तिथे राखीव यानाचा खर्च सरकार सोसतं. खासगी उड्डाणात तो कोण सोसणार? एकटी कंपनी सोसायला गेली तर तिकीट महाग होऊन ती स्पर्धेत मागे पडेल, म्हणून कोणीच सोसणार नाही. याला उपाय एकच, सगळ्यांना मिळून वर्गणी काढायला लावायची, आणि सगळ्यांना लावणारा कोणीतरी लागतो. तो कोणीतरी म्हणजे शेवटी तुम्ही आणि तुमची सदस्य सरकारं.

हे अशक्य आहे असं म्हणू नका. १९७२ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिका आणि सोव्हिएत संघाने एकमेकांच्या यानांना जोडता येईल अशी डॉकिंगची यंत्रणा बनवायचं ठरवलं, आणि त्यामागे एक मोठं कारण हेच होतं की उद्या एकाचा माणूस अडकला तर दुसऱ्याला जाता यावं. ती यंत्रणासुद्धा अशी बनवली की दोन्ही बाजू सारख्याच, कोणी नर नाही कोणी मादी नाही, कुठलंही यान कुठल्याही बाजूने जोडता यावं. १७ जुलै १९७५ ला अपोलो आणि सोयूझ जोडले गेले आणि स्टॅफर्ड आणि लिओनोव्ह यांनी त्या दारात हात मिळवले. अण्वस्त्रं एकमेकांवर रोखून बसलेल्या दोन देशांना हे जमलं. मग आज एकाच देशातल्या दोन कंपन्यांचे सूट एकमेकांच्या यानात का बसू नयेत? डॉकिंगचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड २०१० पासून आहे आणि ते खूप चांगलं काम करतंय, पण ते पाळायची सक्ती नाही, आणि सूटच्या जोडण्या, हवेच्या नळ्या, आणीबाणीचा रेडिओ यांच्याबद्दल सगळ्यांना बांधणारं काहीच नाही.

समुद्रावर हे आपण कसं शिकलो ते तुम्हाला माहीतच आहे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, दीड हजारांच्या आसपास माणसं गेली, लाइफबोटी सगळ्यांना पुरतील एवढ्या नव्हत्या आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे तेवढ्या पुरेशा होत्या. मग १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आधी माणसं, मग नियम. अंतराळात तरी हा क्रम उलटा करायची संधी अजून आहे, कारण अजून तिथे प्रवासी थोडे आहेत.

अपघाताच्या चौकशीचा मुद्दा मला बचावाएवढाच महत्त्वाचा वाटतो, किंबहुना रोजच्या कामाच्या दृष्टीने जास्तच. दोन उदाहरणं शेजारी ठेवतो.

३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिकसाठी बनवलेलं स्पेसशिप-टू चाचणीत हवेत फुटलं, सहवैमानिक मायकल ऑल्सबरी गेले. चौकशी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केली, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने. नऊ महिन्यांत सगळं जाहीर झालं. शेपटी वळवणाऱ्या यंत्रणेचं लॉक आवाजाच्या १.४ पट वेग झाल्यावर उघडायचं होतं, ते ०.८ च्या सुमारासच उघडलं गेलं आणि हवेच्या दाबाने शेपटी आपोआप वळली. इथे "पायलटची चूक" म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं. पण मंडळाने मुख्य बोट ठेवलं ते यान बनवणाऱ्या कंपनीवर, की एका माणसाच्या एका चुकीने यान तुटू शकतं याचा विचारच त्यांनी केला नव्हता आणि ते टाळायची काही सोय ठेवली नव्हती. हा रिपोर्ट आज कोणीही उघडून वाचू शकतो, यान बनवणारी जगातली कुठलीही नवी कंपनी त्यातून शिकू शकते.

दुसरं, २८ जून २०१५. माल घेऊन स्टेशनवर निघालेलं फाल्कन-९ दोन-सव्वादोन मिनिटांत फुटलं. माणूस कोणी नव्हता, पण स्टेशनवर बसवायचा एक नवाकोरा डॉकिंग अडॅप्टर त्यात गेला. अमेरिकन पद्धतीप्रमाणे मुख्य चौकशी कंपनीनेच केली, सरकारी देखरेखीखाली. निष्कर्ष असा की टाकीच्या आत हेलियमची बाटली धरून ठेवणारा एक आधार तुटला, त्यातला धातूचा भाग सदोष निघाला, म्हणजे दोष मालाचा. नासाने स्वतःचं वेगळं परीक्षण केलं आणि त्यांचं म्हणणं जरा वेगळं निघालं, की तिथे विमान-अंतराळाच्या दर्जाचा भाग न वापरता साधा औद्योगिक दर्जाचा भाग वापरला, तोही पुरेशी तपासणी आणि पुरेसं मार्जिन न ठेवता, म्हणजे दोष डिझाइनचा. या दोन निष्कर्षांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सदोष माल आला म्हटलं की पुरवठादार बदलायचा आणि पुढे जायचं, डिझाइनचा दोष म्हटलं की आपली निर्णय घ्यायची पद्धत तपासायची. आणि नासाच्या त्या परीक्षणाचा लोकांसाठीचा सारांश कधी आला? मार्च २०१८ मध्ये, अपघातानंतर पावणेतीन वर्षांनी, आणि तोसुद्धा सारांशच. मधल्या काळात त्याच प्रकारचे भाग वापरणाऱ्या दुसऱ्या कोणी काय शिकावं?

मला कंपनी लपवाछपवी करते असं म्हणायचं नाहीये. कोणतीही कंपनी स्वतःच्या अपघाताची चौकशी करताना प्रामाणिक असली तरी आतूनच बघणार, शिवाय व्यापारी गुपितं आहेत, पुढची कॉन्ट्रॅक्टं आहेत. म्हणून तर विमानांच्या बाबतीत १९५१ पासून शिकागो कराराचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या कराराचं, १३ वं परिशिष्ट आहे, ज्यात चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, कोणाला दोषी ठरवणं हा नाही. एका देशात विमान पडलं की विमान बनवणाऱ्या देशाचे तज्ज्ञ येतात, नोंदणी असलेल्या देशाचे येतात, रिपोर्ट निघतो आणि जगभरातल्या एअरलाइन त्यावरून आपली विमानं तपासतात. आज विमानात बसताना आपण जे निर्धास्त असतो त्यात या रिपोर्टांचा फार मोठा वाटा आहे. अंतराळयानांसाठी असं एकही परिशिष्ट नाही. शटलचे दोन्ही अपघात, १९८६ चा चॅलेंजर आणि २००३ चा कोलंबिया, सरकारी होते म्हणून त्यांची चौकशी सगळ्या जगासमोर झाली, रबराच्या रिंगपासून वरिष्ठांच्या दबावापर्यंत सगळं बाहेर आलं. उद्या एखाद्या खासगी स्टेशनवर, वेगवेगळ्या देशांचे सहा प्रवासी असताना असं काही झालं तर चौकशी कोण करणार, आणि त्या सहा देशांना त्यात बसायला मिळणार का? मला याचं उत्तर कुठल्याही करारात सापडलेलं नाही.

यावर कंपन्यांचं म्हणणं असतं की उद्योग अजून लहान आहे, आत्ताच नियम लादले तर शिकणंच थांबेल. यात तथ्य आहे, मी ते उडवून लावणार नाही. १९०८ मध्ये विमानांवर आजचे नियम लादले असते तर विमान जमिनीवरच राहिलं असतं. अमेरिकेने याच कारणासाठी २००४ मध्ये कायद्यातच ठरवलं की प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम काही वर्षं करायचे नाहीत, फक्त खाली जमिनीवर असलेल्या, ज्यांचा संबंध नाही अशा लोकांना धोका होऊ नये एवढं बघायचं. प्रवाशाला मात्र कंपनीने पैसे घ्यायच्या आधी लेखी कळवायचं की हे यान सुरक्षित आहे असं सरकारने प्रमाणित केलेलं नाही, आणि प्रवाशाने समजून उमजून सही करायची. ठीक आहे. पण ती मुदत सरत आली की वाढवायची, पुन्हा सरत आली की पुन्हा वाढवायची, असं करत करत ती आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आलीय. वीस वर्षांच्या वर शिकून झालं तरी अजून शिकणंच चाललंय. आणि शिकायचं असेल तर शिकलेलं वाटायला नको का? जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला प्रवासी नेणारी खासगी टायटन पाणबुडी पाण्याच्या दाबाने चिरडली तेव्हा आतल्या पाचही जणांचा जीव गेला, त्या पाणबुडीचं कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रमाणीकरण झालेलं नव्हतं, आणि सह्या घेतलेल्या फॉर्मचा त्या माणसांना काही उपयोग झाला नाही.

म्हणून मी असं म्हणत नाहीये की यान कसं बनवायचं ते तुम्ही सांगा. इंजिन कुठलं, धातू कुठला, टाकी केवढी, ते कंपन्यांना ठरवू द्या, त्यातच त्यांचं बळ आहे आणि त्यातूनच सगळं स्वस्त झालंय. दोनच गोष्टी त्यांच्या खासगी मर्जीवर सोडू नका, बचाव आणि अपघाताची माहिती.

कक्षेतल्या कचऱ्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर तुमच्याकडे बरंच काम झालंय. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम-३३ हा खासगी उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा बंद पडलेला रशियन उपग्रह आदळले आणि मोजता येण्यासारखे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले. तुमची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्याच्या आधीची आहेत आणि २०१९ ची २१ तत्त्वंही चांगली आहेत, पण दोन्ही ऐच्छिक आहेत. आता एकेका कंपनीचे हजारो उपग्रह वर आहेत. माणसांची ये-जा त्याच थरांतून होणार, तेव्हा ऐच्छिक हा शब्द फार काळ पुरणार नाही, एवढंच सांगतो.

घाई कसली, असं कोणी विचारेल. घाई अशी की स्पेस स्टेशन २०३० च्या आसपास संपतंय. ते सुरक्षितपणे समुद्रात उतरवणारं यान बनवायचं काम नासाने जून २०२४ मध्येच दिलंय, तेही एका खासगी कंपनीला. त्यानंतर पृथ्वीजवळ जी स्टेशनं असतील त्यातली चीनची सोडली तर बरीचशी खासगी असतील, अ‍ॅक्सिअम, स्टारलॅब, व्हास्ट अशा कंपन्या त्याच्या मागे आहेत. आजच्या स्टेशनवर कोणाची काय जबाबदारी हे १९९८ च्या सरकारांमधल्या करारात नीट लिहिलंय. खासगी स्टेशनावर एका देशाचं स्टेशन, दुसऱ्या देशातून सुटलेलं यान, तिसऱ्या देशाचा प्रवासी आणि चौथ्या देशाचा प्रयोग असं एकत्र येणार आहे, आणि मग तुम्ही नियम करायला बसाल तर प्रत्येक कंपनी म्हणेल की आमचं आधीच बनून झालंय, आता बदल परवडणार नाही. सूटची नळी कागदावर असताना बदलायला काही लागत नाही, शंभर सूट शिवून झाल्यावर लागतं.

मला तुमची अडचण कळते. तुमच्याकडे शंभरच्या वर देश आहेत आणि सगळं एकमताने होतं, एकाने मान हलवली नाही तर अडतं. १९७९ च्या चंद्र करारानंतर तुमच्याकडून एकही बंधनकारक करार झालेला नाही आणि त्या चंद्र करारालाही मोठे अंतराळ देश आले नाहीत. त्यामुळे मग बाहेर अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस अकॉर्ड्ससारखे गट बनतात, त्यात आणीबाणीतल्या मदतीचा आणि यंत्रणा एकमेकांशी जुळण्याचा उल्लेख आहे, चांगला आहे, पण तेही बंधनकारक नाहीत आणि चीन, रशिया त्यात नाहीत. अडकलेला माणूस कुठल्या गटाचा आहे ते बघून मदत जाणार असेल तर १९६७ मध्ये मानवजातीचे दूत म्हणून जे लिहिलं त्याला काय अर्थ राहिला?

पण बचाव हा असा विषय आहे की त्यावर एकमत सगळ्यात सोपं असावं. चंद्रावरच्या खनिजांसाठी तुमच्या कायदेविषयक उपसमितीत वेगळा वर्किंग ग्रुप आहे, तसाच एक माणसांच्या बचावासाठी बसवा. त्यात कंपन्यांच्या इंजिनिअरांना बोलवा, नुसत्या वकिलांना नको, कारण जोडणी कशी असावी ते त्यांनाच कळतं. १९६८ च्या कराराला एक पुरवणी जोडा, त्यात कक्षेतला बचाव आणा आणि तिकीट काढून जाणाऱ्यालाही स्पष्ट शब्दांत आणा. डॉकिंग, सूटच्या जोडण्या आणि आणीबाणीचा रेडिओ एवढ्या तीनच गोष्टींचं सामायिक स्टँडर्ड ठरवा, आणि सहाव्या कलमाखाली ज्या सरकारांनी परवाने द्यायचे आहेत त्यांनी ते परवान्याची अट म्हणून घालावं. राखीव यानासाठी दर प्रवाशामागे वर्गणी घ्या, वर्गणी देणाऱ्याने ती तिकिटात धरावी, कोणाची हरकत असणार नाही. आणि १३ व्या परिशिष्टासारखं काहीतरी अंतराळासाठी करा, ज्यात चौकशी कंपनीच्या बाहेरची असेल, प्रवाशांच्या देशांना तिथे बसता येईल आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण रिपोर्ट बाहेर येईल, व्यापारी गुपितं झाकून पण कारण न झाकता.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही व्हिएन्नात बसाल तेव्हा अजेंड्यावर हा विषय वेगळा, स्वतःच्या नावाने यावा, "इतर विषय" मध्ये नको. ज्या देशांच्या कंपन्या सगळ्यात पुढे आहेत त्यांनीच तो मांडला तर फार बरं होईल. आणि नाही मांडला तर ज्यांच्याकडे यान नाही, फक्त जाणारी माणसं आहेत, अशा देशांनी मांडावा, कारण वर अडकली तर अडकणारी माणसं त्यांचीही असणार आहेत.

कळावे,
अंतराळावर मनापासून प्रेम करणारा एक वाचक